नॅनो औषधं आणि कॅन्सर : मावशीच्या केमोच्या निमित्ताने काही प्रश्न

मुग्धा_कराड

नमस्कार. माझी मावशी ६१ वर्षांची, कोल्हापूरला असते. तिला अंडाशयाचा कॅन्सर आहे. पहिल्यांदा ऑपरेशन झालं, मग कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या सहा सायकली. त्यानंतर दीड वर्ष छान गेलं. गेल्या महिन्यात सीए-१२५ (कॅन्सरची रक्तातली खूण) वाढलेलं निघालं आणि सीटी स्कॅनमध्ये पोटात पुन्हा गाठी दिसल्या. आता डॉक्टरांनी कार्बोप्लॅटिनबरोबर 'पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन' लिहून दिलंय. 'हे नॅनो औषध आहे, याने हातापायांच्या मुंग्या वाढायच्या नाहीत' एवढं सांगितलं. बाहेर पेशंटांची खच्चून गर्दी होती, त्यामुळे जास्त विचारता आलं नाही.

घरी दोन तट पडलेत. मामाचं म्हणणं, नॅनोबिनो सगळं बिल फुगवायला. मावसभावाला वाटतंय की हे औषध थेट गाठीवरच जातं आणि बाकी शरीराला धक्काही लागत नाही. त्यात ओळखीच्या एकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'नॅनो सुवर्ण कॅप्सूल'ची जाहिरात धाडली, केमोशिवाय कॅन्सर मुळासकट बरा म्हणे.

मला खरं काय ते हवंय. या औषधात नॅनो म्हणजे नक्की काय असतं, मावशीला त्याचा फायदा काय, आणि आम्ही घरच्यांनी कशाकडे लक्ष ठेवायचं? पुढच्या आठवड्यात पहिली सायकल आहे.

पिंपळपान

मावशींना लवकर उतार पडो. इथे जाणकार आहेत, नीट उत्तरं मिळतील. मीही वाचतेय.

विनायक_जो

मुग्धा, माझं आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, म्हणून औषधाच्या रचनेबद्दल सांगतो. उपचाराबद्दल डॉक्टर मंडळी बोलतीलच.

डॉक्सोरुबिसिन हे जुनं आणि नावाजलेलं केमोचं औषध. रंग लालभडक, म्हणून वॉर्डात त्याला 'लाल औषध' म्हणूनच ओळखतात. ते गाठीवर चांगलं चालतं, पण हृदयाच्या स्नायूलाही इजा करतं. त्यामुळे एका माणसाला जन्मभरात ते एकूण किती द्यायचं याला मर्यादा आहे, साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम दर चौरस मीटर शरीरपृष्ठामागे. लायपोसोमल प्रकारात रेणू तोच. फक्त तो मेदाच्या दुपदरी आवरणात, एका अतिसूक्ष्म पोकळ गोळीत (लायपोसोममध्ये) कोंडलेला असतो. गोळीचा व्यास ८० ते १०० नॅनोमीटर. माणसाचा केस ८०,००० नॅनोमीटरच्या घरात जाड असतो आणि तांबडी रक्तपेशी ७,००० च्या आसपास, यावरून अंदाज येईल. एवढ्याशा गोळीत औषधाचे दहा ते पंधरा हजार रेणू मावतात.

ते आत भरायची युक्ती मला फार आवडते. आधी गोळीच्या पोटात अमोनियम सल्फेट ठेवतात आणि बाहेरचं काढून टाकतात. मग बाहेरून डॉक्सोरुबिसिन सोडलं की ते आपणहून पडद्यातून आत शिरतं, सल्फेटशी जुळून त्याचे स्फटिक बनतात, आणि स्फटिक झाल्यावर त्याला परत बाहेर पडता येत नाही. गोळीला बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे धागे लावतात; 'पेगिलेटेड' ते यामुळेच. या धाग्यांमुळे यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींना ती गोळी चटकन सापडत नाही. साधं औषध काही मिनिटांत रक्तातून सगळ्या अवयवांत पसरतं, हे मात्र दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतं.

जेरुसलेममध्ये येहेझकेल बारेनहोल्झ हे जीवरसायनशास्त्रज्ञ आणि अल्बेर्तो गाबिझोन हे कॅन्सरतज्ज्ञ यांनी वर्षानुवर्षं खपून हे जमवलं. अमेरिकेत १९९५ साली 'डॉक्सिल' नावाने त्याला मान्यता मिळाली, आणि मान्यता मिळालेलं पहिलं नॅनो औषध ते हेच. मामांना सांग, हे नवं खूळ नाही. तीस वर्षं वापरात असलेलं औषध आहे.

चौकस

विनायकसर, रचना समजली. माझा प्रश्न मुग्धाच्या मावसभावाच्या समजुतीबद्दल आहे, कारण वर्तमानपत्रांत दर दोन-तीन महिन्यांनी तेच छापून येतं : 'नॅनो कण थेट कॅन्सरपेशीवर हल्ला करणार'. मी या विषयावर बऱ्याच वर्षांपासून वाचतोय. बाइंड थेरप्युटिक्स ही अमेरिकन कंपनी पेशीला नेमकं ओळखणारे कण बनवत होती. २०१६ मध्ये तिचं दिवाळं निघालं आणि फायझरने ती विकत घेतली. थर्मोडॉक्स नावाचे उष्णतेने फुटणारे लायपोसोम होते. गाठ तापवायची, तिथेच गोळी फुटेल, तिथेच औषध सुटेल. कल्पना किती सुंदर! यकृताच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचणीत २०१३ मध्ये ती अपयशी ठरली. उंदरांत बरे झालेले कॅन्सर माणसांत का बरे होत नाहीत, हे कोणी सांगेल का?

टोरांटोकर

चौकस, मी टोरांटोत राहतो आणि काही वर्षं याच विषयातल्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून लिहितो.

मूळ कल्पना जपानची. १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतींत फटी असतात, आणि निचरा करणाऱ्या लसिकावाहिन्याही धड नसतात. त्यामुळे मोठे रेणू आणि कण तिथे झिरपतात आणि साचून राहतात. पुढची तीस वर्षं जवळजवळ सगळं नॅनो संशोधन या एका गृहीतकावर उभं राहिलं.

२०१६ मध्ये इथल्याच वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले ११७ शोधनिबंध चाळून हिशेब मांडला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं प्रमाण मध्यक धरलं तर ०.७ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही! बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहेत जातात. आणि हे उंदरांतलं मोजमाप, जिथे गाठ शरीराच्या मानाने अवाढव्य असते. २०२० मध्ये त्याच गटाने दाखवलं की जे पोचतात त्यांतले ९७ टक्क्यांपर्यंत कण फटींतून शिरतच नाहीत, रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी त्यांना आत ओढून घेतात. म्हणजे फटींवर जी भिस्त होती तिलाच धक्का. माणसात तर एकाच पेशंटच्या दोन गाठींतही फरक पडतो, एकीत कण भरपूर शिरतात आणि दुसरीत नावालाच.

हे आकडे वाचून निराश व्हायचं कारण नाही. साध्या औषधाचाही फार थोडा भागच गाठीत जातो. प्रश्न असा की उरलेलं कुठे जातं.

चौकस

अगदी हाच मुद्दा. उरलेलं कुठे जातं, यावर कोणी डॉक्टर बोलतील का?

रानवारा

मी स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेय. माझ्याकडे आकडे नाहीत, अनुभव आहे.

ऑपरेशनच्या सकाळी मला न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये नेलं आणि स्तनाग्राजवळ एक बारीक इंजेक्शन दिलं. नंतर कळलं की त्यात किरणोत्सारी टेक्नेशियम लावलेले ८० नॅनोमीटरहून लहान कण होते. ते लसिकेबरोबर वाहत काखेतल्या पहिल्या लसिकागाठीत जाऊन थांबतात. ऑपरेशनमध्ये सर्जन पेनाएवढा गॅमा प्रोब काखेत फिरवतात, जिथे आवाज वाढतो ती लसिकागाठ काढून, कॅन्सर तिथे पोचलाय का ते लगेच तपासतात. माझ्या त्या गाठी स्वच्छ निघाल्या, म्हणून काखेतल्या बाकीच्या गाठी तशाच ठेवल्या. माझ्या मोठ्या जावेचं ऑपरेशन याच्या कितीतरी आधीचं, तेव्हा सरसकट सगळ्या गाठी काढत. तिचा हात आजही सुजतो, बांगडी चढत नाही, कळशी उचलवत नाही. मला उचलता येते. नॅनोने माझ्यासाठी काय केलं असं कोणी विचारलं तर मी माझा उजवा हात दाखवते.

मुग्धा, मावशींना घट्ट मिठी.

ओपीडी_नंतर

मी कॅन्सरची औषधं देणारा डॉक्टर आहे. मुग्धाताई, तुमच्या मावशींचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून जे लिहितो ते सर्वसाधारण समजा.

चौकस यांच्या प्रश्नाचं उत्तर एका चाचणीत सापडतं. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये साधं डॉक्सोरुबिसिन आणि पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन समोरासमोर ठेवून तपासलं, ५०९ बायकांवर. निकाल २००४ चा. आजार आटोक्यात राहण्याचा काळ दोन्हीकडे जवळपास सारखा, आयुष्यही सारखं. पण हृदयाला इजा होण्याचा धोका साध्या औषधात तिपटीहून जास्त. केस गळाले साध्यात ६६ टक्के बायकांचे, लायपोसोमलमध्ये २० टक्के. आता उलट बाजू : तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटणं साध्यात २ टक्के, लायपोसोमलमध्ये ४८ टक्के. म्हणजे गाठीवरचा घाव तेवढाच राहिला आणि त्रासाची जागा बदलली. हृदय वाचलं, कातडी भाजली.

नॅनो औषधांनी आजवर कॅन्सरच्या पेशंटला जे दिलंय ते मुख्यतः हेच आहे, आणि मी त्याला कमी लेखत नाही. हृदय एकदा बिघडलं की बिघडलं. तळहात बरे होतात.

मावशींच्या बाबतीत दुसरी चाचणी जास्त जवळची आहे. पहिल्या उपचारानंतर सहा महिन्यांहून जास्त काळाने उलटलेल्या अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये कार्बोप्लॅटिनबरोबर पॅक्लिटॅक्सेल द्यावं की लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, असा सामना होता. 'कॅलिप्सो' तिचं नाव, निकाल २०१० चा. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ लायपोसोमलच्या बाजूला ११.३ महिने, पॅक्लिटॅक्सेलच्या ९.४. एकूण आयुष्यात फरक आढळला नाही. पण मुंग्या-बधिरपणा आणि केस जाणं बरंच कमी, आणि दुसऱ्या खेपेला कार्बोप्लॅटिनची जी अ‍ॅलर्जी उसळते तीही कमी. मावशींच्या बोटांत आधीच्या पॅक्लिटॅक्सेलने मुंग्या असतील तर तुमच्या डॉक्टरांची निवड मला पटते.

मामांनाही सांगा, त्यांनी पैशाबद्दल विचारलं ते योग्यच. कुठे आणि कसं विचारायचं ते पुढे लिहितो, आता राउंडला जायचंय.

मुग्धा_कराड

डॉक्टर, किती नेमकं लिहिलंत! हो, तिच्या बोटांत मुंग्या आहेतच. ब्लाउजची हुकं लावता येत नाहीत, गजऱ्याची सुई हातात धरवत नाही. तिच्या औषधामागचं कारण आज कळलं. रानवाराताई, तुमचा प्रतिसाद मावशीला फोनवर वाचून दाखवला.

खादाड_बोका

एक बाळबोध प्रश्न. टार्गेटेड थेरपी, इम्युनोथेरपी आणि हे नॅनो, सगळं एकच का? आमच्या सोसायटीत तिन्ही शब्द एकाच वाक्यात येतात.

ओपीडी_नंतर

नाही, वेगवेगळं. टार्गेटेड औषधं पेशीतल्या एका ठरावीक प्रथिनाला अडवतात. इमॅटिनिबच्या गोळ्या, ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन वगैरे. इम्युनोथेरपी आपल्याच प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करते. नॅनो हे वाहन आहे, आत काय भरायचं ते आपण ठरवतो. आत जुनी केमो भरता येते किंवा एमआरएनए. मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) काढल्यानंतर प्रत्येक पेशंटच्या गाठीप्रमाणे बनवलेली एमआरएनए लस मेदाच्या नॅनो कणांतून, इम्युनोथेरपीच्या जोडीने दिली, तेव्हा कॅन्सर उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका नुसत्या इम्युनोथेरपीपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी झाला. मधल्या टप्प्याची चाचणी आहे, पण मी स्वतः सध्या सर्वांत जास्त लक्ष ठेवून आहे ते यावर.

हिंजवडीची_झुळूक

एमआरएनएचा विषय निघाला म्हणून : आपल्या पुण्यात जेनोव्हा कंपनीने कोविडची एमआरएनए लस बनवली होती, जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन मान्यता मिळाली. म्हणजे हे तंत्र आपल्याकडे आहे, परदेशाच्या तोंडाकडे बघत बसायला नको.

अमरावतीचा_विलास

आणि लायपोसोमल हा शब्द आपण २०२१ च्या मे महिन्यात घरोघरी ऐकलाय, विसरलात का? म्युकरमायकोसिस, काळी बुरशी. 'लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन' मिळवायला लोक जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर रांगा लावून बसले होते. माझ्या काकांसाठी मी अकोला, नागपूर सगळीकडे फोन लावले. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन मिळत होतं, पण त्याने किडनीवर ताण येतो आणि काकांची किडनी आधीच नाजूक. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं की औषध तेच, मेदाच्या कणात घातल्यामुळे किडनी वाचते. काकांचा एक डोळा गेला, पण काका आहेत. त्यामुळे मुग्धाताई, नॅनो म्हणजे थोतांड असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकून घेत नाही.

विनायक_जो

विलास, तत्त्व अगदी तेच. काकांना नमस्कार सांगा.

सुवर्णसिद्धी_हेल्थ

कॅन्सरवर खात्रीशीर नॅनो सुवर्ण कॅप्सूल. केमो नाही, ऑपरेशन नाही. संपर्क : [संपादित]

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादातली जाहिरात आणि संपर्क काढला आहे. सदस्यत्व बंद केलं आहे.

पिंपळपान

संपादकांचे आभार. घाबरलेल्या माणसाच्या दारात उभं राहून असलं विकणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

संजीवनी_ना

जाहिरातबाजी वाईटच. पण एक विचारते : सुवर्णभस्म आपल्याकडे शतकानुशतकं आहे, आणि त्यात नॅनो आकाराचे सोन्याचे कण सापडल्याचे अभ्यास प्रसिद्ध आहेत. मग आपल्या परंपरेला श्रेय द्यायला काय हरकत?

विनायक_जो

श्रेय जरूर द्यावं. पुटं देऊन धातू इतका बारीक करणं हे मोठं कौशल्य आहे. लंडनमध्ये फॅरेडेने १८५७ साली सोन्याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवून त्यांचा माणकासारखा लाल रंग अभ्यासला. तोच लाल रंग आज पुष्कळ प्रेग्नन्सी किट आणि कोविडच्या अँटिजेन किटवरच्या रेघेत दिसतो. पण कण बारीक आहे म्हणून तो कॅन्सरवर चालतो, असं होत नाही. सोन्याचा कण काय करतो ते त्याच्या वापरावर ठरतं. अमेरिकेत राइस विद्यापीठातल्या नाओमी हलास आणि जेनिफर वेस्ट यांनी वाळूतल्या सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचा पातळ मुलामा दिलेले कण बनवले. ते प्रोस्टेटच्या गाठीत साठू द्यायचे आणि बारीक तंतूतून अवरक्त लेसर सोडायचा. कण तापतात आणि भोवतालच्या पेशी भाजतात. २०१९ मध्ये पहिल्या १६ पेशंटांचा निकाल छापला, १५ जणांत ही प्रक्रिया यशस्वी झाली. तिथे सोनं औषध म्हणून काम करत नाही, लेसरची उष्णता धरायचं काम करतं. लेसरशिवाय नुसतं सोनं देऊन गाठ गेली असं कोणी दाखवलेलं नाही.

वैद्य_अंबाजोगाई

मी आयुर्वेदाची पदवीधर वैद्य आहे, वीस वर्षं प्रॅक्टिस करते. संजीवनीताई, भस्मांवर माझी श्रद्धा आहे आणि मी ती वापरते. तरीही केमो चालू असताना कोणीही स्वतःच्या मनाने किंवा जाहिरात वाचून भस्म घेऊ नये. भस्म कच्चं राहिलं असेल, पारा-शिसं नीट सिद्ध झालं नसेल, तर यकृत आणि किडनीवर भार येतो, आणि त्याच अवयवांच्या जोरावर केमो चालू असते. रक्तपेशींचे काउंट पडल्यावर कशाने काय झालं हेच कळेनासं होतं. काही घेत असाल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवू नका, रागावले तरी सांगा.

संजीवनी_ना

पटलं, वैद्यताई. माझ्या आत्यांना मी हाच प्रतिसाद पाठवतेय.

फार्मा_पूजा

उशिरा आले, पण हा माझा रोजचा विषय. मी एका कॅन्सर डे-केअरमध्ये केमो मिसळायच्या खोलीत काम करते. मुग्धाताई, घरच्यांनी पाहता येईल अशा थोड्या गोष्टी सांगते.

लायपोसोमल औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं असतं, गोठवायचं मात्र नाही. गोठलं की गोळ्या फुटतात. बाहेरच्या दुकानातून आणायचं झालं तर बर्फाच्या पाकिटांच्या डब्यातून आणा, पण कुपी थेट बर्फाला टेकवू नका. ते मिठाच्या सलाईनमध्ये घालत नाहीत, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच घालतात, आणि त्या नळीतून दुसरं काही सोडत नाहीत. साधं डॉक्सोरुबिसिन स्वच्छ पारदर्शक लाल दिसतं. लायपोसोमल धुरकट, गढूळसर लाल. दोन्हींचे डोस वेगळे, एकाच्या जागी दुसरं गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आमच्याकडे दोघी जणी मोठ्याने नाव वाचून सही करतो. तुम्हीही बाटलीवरच्या चिठ्ठीत 'लायपोसोमल' शब्द आहे ना ते बघा. नर्स रागावणार नाही, उलट तिला बरंच वाटेल.

पहिल्या सायकलीला ते मुद्दाम अगदी सावकाश सोडतात. पहिल्या काही मिनिटांत चेहरा लाल होणं, पाठीत कळ, छाती आवळणं असं काही जणांना होतं. मावशींनी सहन करत बसू नये, लगेच हाक मारावी. थेंब थांबवले की बहुतेकदा ते निवळतं आणि मग हळू वेगाने पुन्हा सुरू करता येतं.

अवांतर : नॅब-पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं नॅनो औषध आमच्याकडे खूप लागतं. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. साध्या प्रकारात ते एरंडेलापासून केलेल्या एका द्रावकात असतं, त्याची अ‍ॅलर्जी येते म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं आणि बाटली तीन-तीन तास चालते. नॅबमध्ये ते अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाला बांधून १३० नॅनोमीटरचे कण केलेले असतात, अर्ध्या तासात संपतं. कुपीत पांढरी भुकटी असते. सुई काचेच्या भिंतीला टेकवून सलाईन मिनिटभर हळूहळू सोडायचं, पाच मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग अलगद फिरवायचं. ताक घुसळल्यासारखं हलवलं की नुसता फेस. नवीन मुलींना मी हे पहिल्या दिवशी शिकवते.

चौकस

पूजाताई, प्रतिसाद फार मोलाचा. नॅबबद्दल एक पुरवणी : सुरुवातीला २००५ मध्ये ते साध्यापेक्षा सरस ठरलं, पण नंतर दर आठवड्याला दिलेल्या साध्या पॅक्लिटॅक्सेलशी सामना झाला तेव्हा सरस निघालं नाही आणि मुंग्यांचा त्रास जास्त झाला. म्हणून 'नॅनो आहे म्हणजे चांगलंच' असं धरून चालू नये.

ओपीडी_नंतर

बरोबर. मात्र स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये त्याच औषधाने दुसऱ्या केमोच्या जोडीला राहून मध्यक आयुष्य ६.७ वरून ८.५ महिन्यांवर नेलं. दोन महिने कागदावर लहान दिसतात. त्या घरात बसून पाहिलं की तसे वाटत नाहीत.

आता पैशाचं. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन भारतात अनेक कंपन्या बनवतात. २०११ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या एफडीएने (औषध नियंत्रकांनी) आपल्या सन फार्माचं 'लिपोडॉक्स' तात्पुरतं आयात करू दिलं आणि वर्षभराने त्याच कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मान्यता दिली. तेव्हा देशी म्हणजे दुय्यम असं समजू नका. आपल्याकडे छापील किंमत आणि प्रत्यक्ष खरेदीची किंमत यांत मोठी तफावत असते, म्हणून हॉस्पिटलच्या फार्मसीत 'एमआरपी किती' न विचारता 'कोणत्या कंपनीचं किती पडेल' असं विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून पहिल्या सायकलीच्या आधीच लेखी घ्या. नंतर धावपळ होते.

टोरांटोकर

निदानाचा एक धागा राहिला. २००३ मध्ये बोस्टनमध्ये हरिसिंघानी आणि सहकाऱ्यांनी लोहाच्या नॅनो कणांचं इंजेक्शन देऊन प्रोस्टेटच्या ८० पेशंटांचे एमआरआय काढले. निरोगी लसिकागाठी कण गिळतात आणि काळ्या दिसतात. कॅन्सर शिरलेला भाग उजळ राहतो. साध्या एमआरआयला ३५ टक्के बाधित गाठी सापडत होत्या, याला ९० टक्के. आणि तरीही अमेरिकेच्या बाजारात ते औषध कधी आलं नाही. मला आजही त्याची चुटपुट आहे.

हिंजवडीची_झुळूक

पुण्याचं आणखी एक : ॲक्टोरियस या कंपनीची 'ऑन्कोडिस्कव्हर' ही रक्ततपासणी. चुंबकीय नॅनो कणांवर अँटिबॉडी चिकटवून रक्तात भटकणाऱ्या कॅन्सरपेशी पकडतात. देशाच्या औषध नियंत्रकांची मान्यता आहे.

ओपीडी_नंतर

हो, आणि काम कौतुकाचं आहे. पण धडधाकट माणसाने 'कॅन्सर आहे का बघू' म्हणून अशी तपासणी करून घेऊ नये. आजार माहीत असलेल्या पेशंटमध्ये पुढचा अंदाज घ्यायला तिचा उपयोग. लवकर निदानासाठी आजही पन्नाशीतल्या बाईने मॅमोग्राफी आणि पॅप स्मिअर करून घेणं, आणि तंबाखू खाणाऱ्याने तोंड उघडून डॉक्टरला दाखवणं, याला तोड नाही.

मुग्धा_कराड

सगळ्यांचे किती आभार मानू. मामाने अख्खा धागा वाचला आणि डॉक्टरांना विचारायला वही भरून प्रश्न काढलेत, आता ओपीडीवाल्यांचीच परीक्षा आहे! मावसभावालाही कळलं की औषध गाठीवर जाऊन बसत नाही, पण हृदय सांभाळतं. टू-डी एको सोमवारी आहे. त्या सोलवटणाऱ्या हातांबद्दल कोणाचा अनुभव?

सुलभा_वाई

माझ्या आईला हेच औषध होतं. दुसऱ्या-तिसऱ्या सायकलीनंतर तळहात लाल झाले, मग सोलायला लागले. आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं, आई गरम पाण्याने भांडी घासत होती. नंतर सगळं बंद केलं : औषध दिल्यानंतरचे काही दिवस गरम पाणी नाही, घट्ट चप्पल नाही, पिळणं-घासणं-लाटणं नाही. सुती मोजे, साधी बिनवासाची क्रीम, दिवसातून दोन-तीनदा थंड पाण्याच्या पट्ट्या. तोंडही येतं, म्हणून तिखट कमी. आई हट्टाने पोळ्या लाटायला बसायची, तिच्या हातातून लाटणं काढून घ्यावं लागे. ते काम तुम्हा घरच्यांचं. आणि लघवी लालसर होते, त्याने घाबरू नका, रक्त नसतं ते.

ओपीडी_नंतर

उत्तम लिहिलंत. एक जोडतो : लाली दिसताच कळवा, फोड यायची वाट पाहू नका. पुढची सायकल आठवडाभर लांबवून किंवा डोस कमी करून हे आटोक्यात येतं, आणि त्याने उपचार वाया जात नाही.

मुग्धा_कराड

नोंदवून घेतलं. आता मावशीचा स्वतःचा प्रश्न, तिनेच विचारायला सांगितलंय : दीड महिन्याने तिच्या नातीचं लग्न आहे. मेंदी लावली तर चालेल का?

फार्मा_पूजा

मावशींना सांगा, प्रश्न फार आवडला. विकतचे कोन नकोत, त्यात रंग गडद करायला रसायनं घालतात. तळहात सोललेले असतील तर मेंदीच नको. कातडी अगदी ठीक असेल तर घरी भिजवलेली साधी मेंदी, तीही डॉक्टरांना हात दाखवून, आणि चोळून न काढता. लग्नाची तारीख डे-केअरमध्ये आताच सांगून ठेवा. औषध देऊन दोन-तीन आठवडे झालेले असतील अशा बेताने सायकल बसवता येते का, ते डॉक्टर बघतील.